वर्षात १९ वेळा! सुपरकार चालवायची की झाकून ठेवायची?

बाल्कनीतला हिशेबनीस

आमच्या सोसायटीत (बाणेर, यापेक्षा जास्त पत्ता देणार नाही) समोरच्या विंगेतल्या गृहस्थांनी दोन वर्षांपूर्वी हिरवीगार लॅम्बोर्गिनी हुराकान आणली. पेढे वाटले, आम्हीही खाल्ले. मी निवृत्त माणूस. सकाळचा चहा बाल्कनीत घेतो आणि जुन्या सवयीने नोंदी ठेवतो: दूध, गॅस, पाण्याचे टँकर. त्याच वहीच्या मागच्या पानावर गेल्या १ जानेवारीपासून या गाडीचं खातं उघडलं.

वर्षाचा हिशेब असा. गेटबाहेर पडली १९ वेळा. त्यांतल्या १४ खेपा रविवारी पहाटे, सहाच्या आत. २ वेळा लग्नासाठी (एकदा बॉनेटवर झेंडूच्या माळा, बघवलं नाही). १ दसऱ्याला, कोपऱ्यावरच्या देवळापर्यंत. उरलेल्या २ वेळा ट्रकच्या पाठीवर बसून, कारण बॅटरी उतरली होती. जूनच्या पहिल्या पावसानंतर चाक हललं ते थेट दसऱ्याला.

मला गाड्यांतलं फार कळत नाही, माझी वॅगन आर आहे. पण ५.२ लिटरचं, दहा सिलिंडरचं इंजिन घ्यायचं आणि त्यावर चादर घालायची? माझं मत स्पष्ट आहे. आठवड्यातून एकदा तरी निघत नसेल तर ती गाडी नव्हे, शोकेसमधला टी-सेट. त्यातून पाहुण्यांनाही चहा मिळत नाही.

शनिवारचा_शेजारी

शेजाऱ्याच्या गाडीचं वर्षभराचं खातं, तेही लग्न आणि दसरा असे वेगळे रकाने पाडून! काका, असा धागा पुण्याबाहेर निघूच शकत नाही.

तिसरा_गिअर

हिशेबनीसकाका, शंभर टक्के सहमत. माझ्याकडे सेकंडहँड पोर्शे ९११ आहे. चार वर्षांत ३१ हजार किलोमीटर झाले. हिंजवडीला ऑफिसला जातो. पुढच्या डिकीत भाजी, मागच्या दोन इवल्याशा सीटवर मुलगी आणि तिचं दप्तर. इंजिन मागे, सामान पुढे, त्यामुळे भाजीवाल्या मावशी अजून दर वेळी मागे जाऊन उभ्या राहतात.

रोज चालवली की गाडी संपते म्हणणाऱ्यांनी एक उदाहरण ऐकावं. ब्रिटिश अभिनेते रोवन अ‍ॅटकिन्सन यांनी १९९७ मध्ये मॅकलारेन एफ१ घेतली, साधारण साडेपाच लाख पौंडांना. ४१ हजार मैल चालवली, म्हणजे ६५ हजार किलोमीटरच्या वर. मध्ये दोनदा ठोकलीही. २०११ च्या अपघातानंतरची दुरुस्तीच नऊ लाख पौंडांच्या घरात गेली. तरी २०१५ मध्ये ती ८० लाख पौंडांना विकली गेली. चादरीखाली ठेवून त्यांनी आणखी काय मिळवलं असतं?

पाषाणचा_पाहुणा

मॅकलारेन एफ१ जगात शंभरच्या आसपास बनल्या. त्यांतली एक खड्ड्यात पडली तरी भाव वाढणारच. आपल्याकडच्या सेकंडहँड बाजारात गिऱ्हाईक आधी मीटर बघतं, मग रंग, मग मालकाचं तोंड. ती तुलना राहू द्या.

मुद्दा असा की काढून न्यायची कुठे? रस्त्यांची मापं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाप्रमाणे स्पीडब्रेकर १० सेंटीमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद, म्हणजे चांगला ऐसपैस हवा. आपल्या गल्लीत सिमेंटची गोणी उरली की रात्रीत एक उभा राहतो, आखूड आणि टोकदार. हुराकानच्या पोटाखाली जेमतेम साडेबारा सेंटीमीटर. बटण दाबलं की नाक चारेक सेंटीमीटर वर येतं, हे मान्य. पण नाक वाचलं तरी पोट घासायचं राहतंच. त्यात सिग्नलला दोन्ही बाजूंनी दुचाकी घुसतात, हँडलची एक रेघ म्हणजे मालकाची महिनाभराची झोप गेली.

आणि एक्स्प्रेसवेवर नेली तरी सपाटीला मर्यादा ताशी १००, वर कॅमेरे. ही गाडी शंभरला दुसऱ्या गिअरमध्येच पोचते. उरलेले पाच गिअर काय लोणावळ्यात चिक्की घ्यायला ठेवायचे? मला तर १९ वेळा म्हणजे धाडस वाटतं.

ग्रीसचे_हात

वीस वर्षं गॅरेजमध्ये गेली, म्हणून दोन्ही पार्ट्यांना थोडं झापतो.

पाहुणे, उभी गाडी जपली जाते हा गैरसमज डोक्यातून काढा. टायर न चालताही म्हातारा होतो. त्याच्या कडेला चार आकडे असतात. २३१९ असेल तर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यातला. नक्षी कोरी दिसते, पण रबर कडक झालेलं असतं, आणि पहिल्या ओल्या वळणावर ते कळतं. चार महिने एका जागी उभी राहिली की टायर खालून चपटा होतो, मग ऐंशीला स्टिअरिंग थरथरतं. हल्लीच्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल, ते हवेतलं पाणी ओढतं. अर्धी टाकी ठेवून पावसाळाभर गाडी उभी करणं म्हणजे आजाराला घर भाड्याने देणं. उंदरांना तर वायर कितीची आहे हे कुणी सांगितलेलंच नसतं. आणि वर्षाची सर्व्हिस किलोमीटर शून्य असले तरी चुकत नाही.

सगळ्यात वाईट सवय वेगळीच आहे: पार्किंगमध्ये दहा मिनिटं चालू करून बंद करणं. या गाड्यांत इंजिनाचं तेल भरपूर असतं, ते उभ्या उभ्या तापतच नाही. जळणातून झालेलं पाणी सायलेन्सरमध्ये आणि तेलात साचतं, न जळलेलं पेट्रोल तेलात उतरतं. मालक खूश की आपण इंजिनाला व्यायाम दिला. त्यापेक्षा चालूच करू नका, बॅटरीला मेंटेनर (चार्ज टिकवून ठेवणारा छोटा चार्जर) लावून ठेवा, हवा थोडी जास्त भरा आणि हँडब्रेक ओढू नका. काढायचीच तर पंधरवड्यातून एकदा, तेलाच्या तापमानाचा काटा वर येऊन तिथे थांबेपर्यंत. अर्धा-पाऊण तास पुरतो.

आता गिअरवाले, तुम्ही. ९११ ही रोजची गाडी आहे, तिचा दाखला सगळ्यांना लावू नका. जुन्या लॅम्बोर्गिनी गॅलार्डोचा ई-गिअर म्हणजे आत साधा क्लच, फक्त पाय तुमच्याऐवजी मशीनचा. विद्यापीठ चौकात संध्याकाळी इंच-इंच सरकवलीत की क्लच जळतो आणि बिल बघून माणूसही. फेरारी एफ३५५ चा टायमिंग बेल्ट बदलायला आख्खं इंजिन खाली उतरवतात. असल्या गाडीने रोज हिंजवडी कराल?

बाल्कनीतला हिशेबनीस

ग्रीसचे हात, दर बुधवारी संध्याकाळी बरोबर दहा मिनिटं हाच कार्यक्रम असतो. खिडक्यांची तावदानं थरथरतात, तिसऱ्या मजल्यावरचं तान्हं बाळ उठतं. ती नोंद मी घेतली नव्हती, गेटबाहेर पडत नाही म्हणून. आता वेगळा रकाना करतो.

मुळाकाठ

इतके प्रतिसाद झाले आणि कल्याणीनगर कुणालाच आठवलं नाही? १९ मे २०२४ ची पहाट. पोर्शे टायकॅन, चालवणारा अल्पवयीन असल्याचा आरोप, दुचाकीवरचे दोन तरुण अभियंते गेले. त्या गाडीची कायमची नोंदणीही झालेली नव्हती. १,७५८ रुपये शुल्क भरायचं राहिलं होतं म्हणे. मी त्याच भागात राहते. पहाटे असा आवाज आला की आजही पोटात गोळा येतो. तुमच्या टायरच्या चपटेपणाची मला काडीची काळजी नाही. कमी चालवतायत ते उत्तम.

तिसरा_गिअर

मुळाकाठ, राग समजतो. पण रोज चालवणारा माणूस गाडीला ओळखतो, ब्रेक कुठे लागतो हे त्याच्या पायाला ठाऊक असतं. मला धास्ती वाटते ती तीन महिन्यांनी एकदा किल्ली हातात घेऊन सगळी हौस एकाच रात्रीत भागवणाऱ्याची.

मुळाकाठ

हा युक्तिवाद दारूच्या बाबतीतही ऐकलाय.

चांदणीचौक_चुकलेला

थोडं अवांतर. यांतल्या किती गाड्यांवर एमएच १२ दिसतं? राज्यात गाडीवरच्या कराची कमाल मर्यादा २० लाख होती, २०२५ च्या अर्थसंकल्पात ३० लाख केली. आता परराज्यातल्या पाट्या आणखी वाढणार. (चौकाचं म्हणाल तर नवा पूल होऊनही मी अजून चुकतोच.)

पाषाणचा_पाहुणा

गॅरेजवाल्यांचं तांत्रिक सगळं मान्य. पण माझं म्हणणं तिथे संपत नाही. वस्तू वापरली तरच तिचं चीज, हा नियम आपण फक्त दुसऱ्याच्या वस्तूला लावतो. आमच्या आईची पैठणी तीस वर्षांत फार तर दहा वेळा बाहेर आली असेल. कुणी वही काढली नाही. ती कपाटात आहे हेच तिला पुरतं. त्या गृहस्थांनी लहानपणी भिंतीवर लॅम्बोर्गिनीचं पोस्टर लावलं असेल. आता खाली जाऊन चादर उचलून बघत असतील. तेवढंच हवं असेल माणसाला, तर किलोमीटर मागणारे आपण कोण?

हिशेबनीसांची_सौ

ह्यांच्या धाग्यावर पहिल्यांदाच लिहितेय. पाषाणचे पाहुणे, आईंना विचारा, पैठणी वर्षातून दोनदा तरी उघडून घडी बदलून ठेवतात का नाही. माझ्या सासूबाईंची तशीच पडून होती. धाकट्या नणंदेच्या लग्नात काढली, तर प्रत्येक घडीवर विरलेली. नेसायला नाही, उशांचे अभ्रे करायला गेली. न वापरता जपलेली वस्तू घडीवरच फाटते.

आणि बुधवारचा आवाज मलाही होतो. पण ते गृहस्थ त्या दहा मिनिटांत आत बसलेले असतात, दार लावून. ह्यांनी ते लिहिलं नाही.

ग्रीसचे_हात

वहिनी, चपट्या टायरला उद्यापासून गॅरेजात ‘घडी पडली’ असंच म्हणणार.

पाषाणचा_पाहुणा

आईला फोन केला. घडी दर दिवाळीला बदलते म्हणाली. वर मलाच विचारलं, तुला आत्ता कशी आठवली. त्या मुद्द्यावर माघार. स्पीडब्रेकरवर अजिबात नाही.

बाल्कनीतला हिशेबनीस

ताजी खबर. सोसायटीच्या ग्रुपवर कुणीतरी हा धागा टाकला. (शनिवारचा शेजारी, तुमच्यावर संशय आहे.) काल संध्याकाळी बेल वाजली, दारात ते गृहस्थ. मी मनातल्या मनात माफीचं वाक्य जुळवत होतो, तर म्हणाले, “सहाला बाल्कनीत असताच, मग उद्या खालीच या.”

आज पहाटे गेलो. आत शिरताना आधी बूड टेकवायचं आणि मग पाय ओढून घ्यायचे, उलट केलं तर गुडघा अडकतो. गेटजवळच्या स्पीडब्रेकरवर त्यांनी नाक उचललं, तिरकी घातली, तरी खालून खर्रकन आवाज आला. पाषाणच्या पाहुण्यांना नमस्कार. बायपासने कात्रजचा बोगदा ओलांडून खेड शिवापूरला चहा आणि परत. मर्यादेच्या वर एकदाही नेली नाही, मी काट्यावर लक्ष ठेवून होतो. बोगद्यात मात्र त्यांनी काच खाली केली आणि एक गिअर उतरवला. त्या आवाजाबद्दल मी इथे काही लिहिणार नाही, घरी दोनदा सांगून झालंय.

कमी का काढता, हे मी विचारलंच. उत्तर स्पीडब्रेकरचं नव्हतं. म्हणाले, दिवसा काढली की मोबाईल धरलेली पोरं दुचाकीवर लागून चालतात, एका हाताने गाडी, दुसऱ्याने व्हिडिओ. एकदा सेनापती बापट रस्त्यावर असाच एक पोरगा आरशाला घासून पडला. खरचटण्यावर निभावलं, पण त्यानंतर उजेडात काढायचा धीर होत नाही. म्हणून पहाट. आणि पावसात पहाटेही रस्ता दिसत नाही, म्हणून चार महिने चादर.

ग्रीसचे हात, बुधवारचं तुमचं म्हणणं त्यांना वाचून दाखवलं. मेंटेनर मागवतो म्हणाले. मुळाकाठ, तुमचाही प्रतिसाद त्यांनी वाचला होता. त्यावर काही बोलले नाहीत, येताना गाडी मात्र आणखी हळू चालवली.

टी-सेट मागे घेतो. आठवड्यातून एकदा हे मत कायम.

शनिवारचा_शेजारी

ग्रुपवर मीच टाकला. चहाचे पैसे कुणी दिले?

बाल्कनीतला हिशेबनीस

टीटीएमएम. पेट्रोल त्यांचं.