चाइव्ह्जची पात बारीकच राहते, काय करू?

खिडकीतली बाग:
बी पेरून चाइव्ह्ज लावले, म्हणजे कांद्याच्या कुळातलं ते पात खायचं रोप. उगवले छान, पण पात दोऱ्यासारखी बारीक आणि जरा वाढली की आडवी पडते. कुंडी खिडकीत आहे, सकाळी थोडा वेळ ऊन येतं. लागेल तशी शेंड्याकडून खुडते, तर आता टोकं वाळायला लागलीत. खत कमी पडतंय का? शिवाय ऑम्लेटच्या मिश्रणात घातली तर चवच लागली नाही. बी दुसऱ्याच कशाचं आलं की काय?

मातीत हात:
पात मोडून बघा. आत पोकळ असेल तर चाइव्ह्जच. चपटी, भरीव आणि लसणीच्या वासाची असेल तर लसूण-चाइव्ह्ज. तीही खायची असते, फक्त फुलं पांढरी येतात, जांभळी नाही.

खताचं नंतर बघू, आधी ऊन. दिवसाला पाच-सहा तास तरी हवंच. सावलीत पात प्रकाशाकडे ताणत जाते आणि लोळते. त्यात खत ओतलंत तर आणखी लुसलुशीत होऊन पडेल.

आणि ते शेंडे खुडणं आजपासून बंद! पात वाढते बुडातून. वरून तोडलेली पात तशीच थोटकी राहते, टोक वाळतं. कात्रीने मातीपासून दोन-तीन बोटं ठेवून कडेची पात आख्खी कापा. रोप वीतभर झाल्याशिवाय मात्र हात लावू नका.

चव बघून सांगते:
चव गेली ती तव्यावर. चाइव्ह्जचा वास आचेवर टिकत नाही, म्हणून गॅस बंद करून वरून घालायची. उकडलेल्या बटाट्यावर लोणी आणि ही पात, बाकी काही नको. सुरी धारदार घ्या, नाहीतर पात चिरडते आणि पाणी सुटतं. उरली तर चिरून फ्रीझरमध्ये ठेवा. वाळवलेली म्हणजे माझ्या मते हिरवा भुसा.

खिडकीतली बाग:
पोकळच आहे! कुंडी गच्चीत हलवते. तिथे आमची मांजर दिवसभर लोळत असते, चालेल ना?

मातीत हात:
नाही चालणार. कांद्याच्या कुळातली सगळीच झाडं मांजरांना आणि कुत्र्यांना विषारी, रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. टांगती कुंडी करा, तीही मांजरीला उडी मारून गाठता येणार नाही अशा जागी.

चव बघून सांगते:
फुलं आली तर टाकू नका हं. पाकळ्या सुट्या करून सॅलडवर छान लागतात. फुलाचा दांडा तेवढा चिवट, तो बुडाशी कापून फेकून द्या.

मातीत हात:
आणि दोन-तीन वर्षांनी गड्डा दाटला की उपटून त्याचे चार-पाच भाग करून वेगवेगळे लावा. पुन्हा बी पेरत बसायला नको. जुनं बी तसंही नीट उगवत नाही.