विषय: बंद झालेली फोर्ड एज सेकंड-हँड घ्यावी का?

प्रेषक: मिल्टनकर (नवा सभासद)

नमस्कार मंडळी,

आईबाबा सहा महिन्यांसाठी इकडे ऑन्टारिओत (कॅनडा) येतायत. आम्ही तिघं, ते दोघं, शिवाय त्यांच्या बॅगा. आमची कोरोला आता पुरणार नाही. सात सीटचं धूड नको, पार्किंगची बोंब आहे. पाच माणसं ऐसपैस बसतील अशी मधल्या आकाराची एसयूव्ही बघतोय आणि फिरून फिरून गाडी फोर्ड एजवरच येऊन थांबते. तेवढ्याच वयाच्या आणि तेवढ्याच पळालेल्या टोयोटापेक्षा ती चांगलीच स्वस्त मिळते. कारण विचारलं की सगळे एकच सांगतात, मॉडेल बंद झालंय.

सध्या दोन गाड्या डोक्यात आहेत. पहिली २०१८ ची एसईएल (एजच्या एका प्रकाराचं नाव), ऑल-व्हील ड्राइव्ह (चारही चाकांना ताकद), १ लाख १२ हजार किलोमीटर, घरगुती विक्री, १७,५०० डॉलर. दुसरी २०२० ची, तीही एसईएल ऑल-व्हील, ९४ हजार किलोमीटर, डीलरकडे, २१,९००. माझा कल पहिलीकडे आहे. चार-साडेचार हजार वाचतात, आणि दोन वर्षांत असा काय फरक पडणार?

पार्ट्स मिळतील का, पुढे विकताना कुणी घेईल का, एवढंच विचारायचं होतं.

प्रेषक: स्कारबरोकर

माझं मत विचाराल तर घेऊ नका. टोयोटाची रॅव्ह-४ घ्या, हायलँडर घ्या, डोळे मिटून झोपा. स्वस्त मिळतेय म्हणजे कुणाला तरी नकोय, एवढं साधं आहे. वर ती बंदही झालेली. उद्या दिवा फुटला तर कुठे शोधत फिरणार?

प्रेषक: नाना (ओकव्हिल)

मिल्टनकर,

स्कारबरोकरांची झोप त्यांना लखलाभ. पण डोळे मिटून घेतलेली टोयोटाही पस्तावायला लावू शकते, आणि तिच्या नावाचे जादा पैसे आधीच मोजलेले असतात.

मॉडेल का बंद झालं, ते आधी बघावं. गाडी रद्दी निघाली म्हणून बंद झाली असती तर मीही नको म्हटलं असतं. एज २००७ च्या मॉडेलपासून इथेच, माझ्या घरापासून हाकेच्या अंतरावर बनत होती. २०२४ च्या एप्रिलमध्ये शेवटची बाहेर पडली, कारण फोर्डला तो कारखाना विजेच्या गाड्यांसाठी मोकळा करायचा होता. (त्या विजेच्या गाड्यांचं पुढे बारगळलं आणि आता तिथे सुपर ड्यूटी पिकअप करायचं ठरलंय. तो विषय चहाबरोबर.)

पार्ट्सचं म्हणाल तर नाव बंद झालं तरी आतली यंत्रं बंद झालेली नसतात. एजचं २.० लिटरचं इकोबूस्ट (फोर्डचं टर्बो) इंजिन फोर्डच्याच एस्केप आणि फ्यूजनमध्येही आहे. २.७ चं व्ही-६ (सहा सिलिंडरचं) तर एफ-१५० पिकअपमध्ये आहे, म्हणजे या देशातल्या प्रत्येक मेकॅनिकच्या हातून गेलेलं. फोर्डच्याच लिंकन ब्रँडची नॉटिलस २०२३ पर्यंत एजच्याच सांगाड्यावर, त्याच कारखान्यात बनत होती. ब्रेक, बेअरिंग, सेन्सर, सस्पेन्शन यांची ददात पडणार नाही. पुढेमागे अडेल ते अंगावरच्या वस्तूंचं. मागचा दिवा, बंपर, आतला मोठा स्क्रीन, दरवाज्याची पट्टी. ते भंगारवाल्याच्या यार्डातून शोधावं लागेल, आणि एवढ्या खपलेल्या गाडीचं यार्डातही मिळतं. स्कारबरोकरांसाठी सांगतो, टोयोटाची व्हेंझासुद्धा २०२४ नंतर बंद झाली. तिच्या पार्ट्सची कुणी काळजी करत नाही, कारण आतून ती रॅव्ह-४ हायब्रिडच आहे.

आता तुम्ही जे विचारलंच नाही ते. "दोन वर्षांत काय फरक पडणार" म्हणालात. सगळा फरक त्या दोन वर्षांतच आहे.

२०१५ ते २०१८ च्या एजमधल्या २.० इकोबूस्टच्या ब्लॉकमध्ये (इंजिनच्या मुख्य धडात) दोन सिलिंडरच्या मधल्या भिंतीत वरच्या बाजूला कूलंट (इंजिन गार ठेवणारं द्रव) जाण्यासाठी एक बारीक खाच कापलेली आहे. हेड गॅस्केट (ब्लॉक आणि त्यावरचं हेड यांच्यामधलं सील) बसायला तिथे जागा जेमतेम. काही गाड्यांत कालांतराने तिथून कूलंट सिलिंडरमध्ये उतरायला लागतं. बाहेर कुठेही थेंब दिसत नाही, पण टाकी हळूहळू खाली जाते. मग सकाळी सुरू करताना इंजिन अडखळतं, सायलेन्सरमधून पांढरा धूर येतो, इंजिन लाइट लागतो. गॅस्केट बदलून भागत नाही, ब्लॉकच बदलावा लागतो. फोर्डने डीलरांना यावर सर्व्हिस बुलेटिन काढलं, पण बुलेटिन म्हणजे रिकॉल (कंपनीने गाड्या परत बोलावून फुकट केलेली दुरुस्ती) नव्हे. वॉरंटी संपली असेल तर बिल तुमचं, आणि तुमचे वाचलेले चार हजार त्यात कधी बुडाले ते कळणारही नाही. २०१९ पासून एजमध्ये २.० चा ब्लॉक बदलला, गिअरबॉक्सही सहाच्या जागी आठ गिअरचा आला.

प्रत्येक २०१८ ची गाडी बिघडतेच असं मुळीच नाही. पण मी ती आंधळेपणाने घेणार नाही.

विक्रेता "व्ही-६ आहे हो" म्हणाला तर त्याच्या तोंडाकडे बघू नका, काचेखालचा व्हिन नंबर (गाडीचा ओळख क्रमांक) बघा. आठवं अक्षर इंजिन सांगतं: ९ असेल तर २.० इकोबूस्ट, ८ असेल तर ३.५ व्ही-६, पी असेल तर २.७. दहावं अक्षर वर्ष सांगतं: जे म्हणजे २०१८, के म्हणजे २०१९, एल म्हणजे २०२०. तोच नंबर फोर्डच्या साइटवर टाकून रिकॉल राहिलेत का तेही बघा. २०१५ ते २०१८ च्या गाड्यांवर पुढच्या ब्रेक होजचा (ब्रेकच्या नळीचा) रिकॉल होता. तो मालक कितवाही असला तरी फुकट होतो, पण आधीच्या मालकाने केलाच असेल असं नाही.

नाना

प्रेषक: समिती

गणपतीच्या स्वयंसेवकांची नावं कृपया वेगळ्या मेलवर पाठवा. काल या धाग्यावर तिघांनी "मोदकांना मी आहे" लिहिलंय. आभार.

प्रेषक: ब्रॅम्प्टनच्या वहिनी

मोदकांवाल्यांपैकी एक मी. क्षमस्व.

आमच्याकडे २०१६ ची एज आहे, ३.५ व्ही-६. गाडी जड आहे, पेट्रोल पिते, पण ४०१ हायवेवर बर्फात मला ती सुटसुटीत गाड्यांपेक्षा बरी वाटते. मागची सीट खरंच प्रशस्त आहे. माझे सासरे सहा फुटी, गुडघे न आखडता बसतात. मिल्टनकर, आईबाबांना त्या सीटवर बसवायचंय ना? मग गाडी बघायला जाताना घरातलं कुणीतरी वयस्कर, नाहीतर निदान शेजारच्या काकूंना तरी घेऊन जा. चढता-उतरता येतं का, ते कुठल्या जाहिरातीत लिहिलेलं नसतं.

नानांनी ३.५ व्ही-६ च्या दुखण्याचं बोलायचं टाळलं, म्हणून मी सांगते. ३.५ मध्ये ती खाच नाही, पण त्याचा वॉटर पंप इंजिनच्या पोटात आहे, टायमिंग चेनवर चालणारा. गळला तर कूलंट इंजिन ऑइलमध्ये जाऊ शकतं, आणि पंप स्वस्त असला तरी तिथवर हात पोचायची मजुरीच भारी. आमच्या मेकॅनिकने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "ऑइल चेंजला डिपस्टिक बघा, दुधाळ दिसलं की गाडी जागच्या जागी बंद करा." आम्ही बघतो. अजून तरी ठीक आहे.

आता पैशांचं. घरगुती विक्रीत तेरा टक्के टॅक्स सर्व्हिसऑन्टारिओच्या (सरकारी कचेरीच्या) खिडकीवर भरावा लागतो, आणि तो तुमची किंमत व गाडीची घाऊक किंमत यांतली जी जास्त असेल तिच्यावर. म्हणजे "पावती कमीची करू या" म्हणणाऱ्याने तुमचं काही वाचवलेलं नसतं, फक्त खोट्या कागदावर तुमची सही घेतलेली असते. डीलरकडे जुनी कोरोला ट्रेड-इन (बदल्यात) दिलीत तर टॅक्स फक्त फरकावर लागतो. तिचे सहा हजार आले तर ७८० डॉलर तिथेच वाचतात. दोन गाड्यांमधलं अंतर तेवढं कमी झालं. आणि डीलरने जाहिरातीत लावलेल्या किमतीवर एचएसटी (विक्रीकर) आणि लायसन्सिंग सोडून काही चढवता येत नाही. "ॲडमिन फी" म्हणाला तर जाहिरातीचा फोटो दाखवा.

घरगुती घेतलीत तर विक्रेत्याकडून यूव्हीआयपीचं (वापरलेल्या गाडीच्या सरकारी माहितीचं) पाकीट मागून घ्या, देणं त्याला बंधनकारक आहे. आधीचे मालक आणि गाडीवर कर्ज आहे का ते त्यात कळतं. पण ती नोंद ऑन्टारिओपुरती. गाडी क्यूबेकमधून आली असेल तर तिकडचं काही दिसणार नाही, त्यासाठी कारफॅक्सचा (गाडीचा इतिहास देणाऱ्या कंपनीचा) वेगळा रिपोर्ट काढा.

प्रेषक: मिल्टनकर

नाना, वहिनी, खूप आभार. काल २०१८ वाली बघून आलो. आठवं अक्षर ९, म्हणजे इकोबूस्टच. गाडी बाहेरून आरशासारखी. मालक बोलायला चांगले, सेफ्टी सर्टिफिकेटही ताजं आहे. मी पोचलो तेव्हा गाडी सुरूच होती, म्हणाले हीटर लावून ठेवला तुमच्यासाठी. कूलंटची टाकी बघितली, मॅक्सच्या रेघेच्याही वर काठोकाठ भरलेली. कधी भरलं विचारलं तर म्हणाले, "थंडीच्या आधी नेहमी भरतो." सर्व्हिसचे कागद नाहीत, ऑइल घरीच बदलतात.

यात घाबरण्यासारखं काही आहे का?

प्रेषक: नाना (ओकव्हिल)

कूलंट हे काही पाणपोईचं मडकं नव्हे, दरवर्षी भरायला. चांगल्या इंजिनात ते वर्षानुवर्षं त्याच रेघेवर असतं. "नेहमी भरतो" असं माणूस सहज बोलून जातो, आणि तेवढंच आपल्या कामाचं असतं. मालक खोटं बोलतायत असं मी म्हणत नाही. कदाचित त्यांनाही ठाऊक नसेल.

गरम इंजिनवर काहीच कळत नाही. पुन्हा जायचंच असेल तर आदल्या दिवशी सांगा, गाडी रात्रभर बंद ठेवा, मी आल्यावर सुरू करू. गेल्या गेल्या बॉनेटवर हात ठेवायचा. गार असेल तर टाकीची रेघ बघायची, मोबाइलवर फोटो काढायचा, मग एकाने गाडी सुरू करायची आणि दुसऱ्याने मागे उभं राहायचं. थंडीत सगळ्याच गाड्या वाफ सोडतात, ती मिनिटभरात विरते. गोडसर वासाचा पांढरा धूर रेंगाळत राहिला, इंजिन पहिल्या काही सेकंदांत लंगडलं, की तिथूनच नमस्कार करा.

त्यापुढची परीक्षा स्वतंत्र मेकॅनिककडे. कूलंटला प्रेशर देऊन तासभर ठेवायला सांगा आणि मग स्पार्क प्लग काढून आत बोरोस्कोपचा कॅमेरा घालायला सांगा. पळालेल्या इंजिनात चारही पिस्टनची डोकी काजळीने काळी असतात. तीन काळी आणि एकच धुऊन काढल्यासारखं लख्ख दिसलं, तर तिथे कूलंट येऊन जळतंय. ते लख्ख पिस्टन मी पाहिलेलं आहे. स्क्रीनवर बघताना बरं वाटतं, अर्थ कळेपर्यंत.

सेफ्टी सर्टिफिकेटवर भिस्त ठेवू नका. ती ३६ दिवस चालते आणि ब्रेक, स्टीअरिंग, टायर, दिवे, सांगाडा अशा सुरक्षेच्या गोष्टीच बघते. इंजिनच्या पोटात काय चाललंय याच्याशी तिचा संबंध नाही.

एक अपवाद. याच वर्षांतली एखादी गाडी ब्लॉक बदललेली मिळाली, आणि डीलरच्या बिलावर व्हिन, तारीख, किलोमीटर आणि नव्या ब्लॉकचा पार्ट नंबर दिसला, तर ती मी न बदललेलीपेक्षा आधी घेईन. विकणारे हे बिल लपवतात, "इंजिन उघडलंय" म्हणून गिऱ्हाईक पळेल या भीतीने. या गाडीचं तर बिलच नाही.

२०२० वाली बघा. तिच्यात दोन गोष्टी तपासा. गार असताना पहिल्या-दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये झटका देते का. आणि लिफ्टवर चढवून गिअरबॉक्सला लागून असलेला पीटीयूचा (पॉवर ट्रान्सफर युनिटचा) डबा ओला आहे का. मागच्या चाकांना ताकद तिथूनच जाते, आत तेल थोडं आणि उष्णता फार. नुसता घाम आलेला असला तर चालेल, थेंब लोंबत असला तर किंमत खाली. खाली उभे आहातच तर हिवाळ्यात रस्त्यावर टाकलेल्या मिठाने मागचा सबफ्रेम (चाकांजवळचा खालचा लोखंडी सांगाडा) किती खाल्लाय तेही बघा, स्क्रूड्रायव्हरने टोचून.

प्रेषक: स्कारबरोकर

एवढं सगळं करण्यापेक्षा रॅव्ह-४ घेतली असती तर आतापर्यंत नायगारा बघून आला असतात.

प्रेषक: नाना (ओकव्हिल)

हे सगळं रॅव्ह-४ घेतानाही करायचं असतं, स्कारबरोकर.

मात्र त्यांचा एक मुद्दा मला मान्य आहे. मिल्टनकर, दोन-तीन वर्षांनी बदलायचा विचार असेल तर एज घेऊ नका. आज तुम्हाला स्वस्त पडतेय त्याच कारणाने उद्या पुढच्यालाही ती स्वस्तच हवी असेल. सात-आठ वर्षं वापरायची असेल तरच हा हिशेब तुमच्या बाजूने बसतो. आणि बजेट थोडं ताणता येत असेल तर २०२२-२३ ची बघा. इंजिन-गिअरबॉक्सची वॉरंटी पाच वर्षं किंवा १ लाख किलोमीटर आहे आणि ती नव्या मालकाकडे जाते. फक्त २.७ चं एसटी मॉडेल असेल तर २०२१-२२ च्या काही इंजिनांवर व्हॉल्व्हचा रिकॉल आहे, तो झाल्याचा कागद मागा.

प्रेषक: मिल्टनकर

२०२२ ची बजेटच्या बाहेर गेली. २०१८ वाल्यांना रात्रभर गाडी बंद ठेवायला सांगितलं तर म्हणाले, दुसरं गिऱ्हाईक लागलंय. बरं झालं.

२०२० वाली मेकॅनिककडे नेली. डीलर आधी कुरकुरला, मग डिपॉझिट ठेवून दिली. कूलंट रेघेवर, गिअर ठीक, सबफ्रेमवर वरवरचा गंज. पीटीयूला घाम आहे, थेंब नाही. मागचे ब्रेक संपत आले होते, रिपोर्ट समोर ठेवल्यावर पॅड आणि रोटर डीलरने बदलून दिले आणि पीटीयूचं तेलही. कोरोलाचे ५,८०० आले. शेजारच्या काकू मागच्या सीटवर बसून आल्या आणि उतरताना कुणाचा हात लागला नाही, वहिनी.

गाडी शनिवारी घरी येतेय. पण विंटर टायर नाहीत तिच्याबरोबर. साइज २४५/६०/आर१८. कुणाकडे रिमसकट पडून असतील तर कळवा, येऊन घेऊन जाईन.

प्रेषक: स्कारबरोकर

माझ्या मेव्हण्याच्या गॅरेजमध्ये आहेत, दोन सीझन वापरलेले. त्याने एज विकून रॅव्ह-४ घेतली. फोन नंबर खाजगीत पाठवतो.