हॉस्पिटलात फायर डोअर (आग अडवणारं दार) 'एसएसचंच', म्हणजे स्टेनलेस स्टीलचंच हवं, हे कोणी ठरवलं?

नकाशावाला
परवापासून एक पोस्ट फिरतेय, मला तीन ग्रुपांतून आली. "हॉस्पिटलमध्ये लाकडी नाहीतर लॅमिनेटचं फायर डोअर म्हणजे जंतूंना आमंत्रण, सगळीकडे एसएस ३०४ ची १२० मिनिटवाली दारं लावा, हायजीन पण झाली आणि फायर एनओसी पण." लिहिणारा बहुतेक दारंच विकत असणार, त्याचं पोट आहे, जाऊ दे. पण खाली अंगठे देणाऱ्यांत चांगले आर्किटेक्ट लोक दिसले म्हणून डोकं फिरलं.

अहो, रेटिंग, म्हणजे दार किती मिनिटं आग अडवेल तो आकडा, पत्र्याला नसतं. चौकट, पल्ला, बिजागऱ्या, क्लोजर (दार आपोआप मिटवणारा दांडा), लॉक, काच, सील असं सगळं एकत्र भट्टीसमोर उभं करून जाळून बघतात, तासाभरात आत ९४५ डिग्री, दोन तासांनी हजाराच्या वर, आणि त्या अख्ख्या संचाला सर्टिफिकेट मिळतं. तुम्ही पल्ला आणला एकाकडून, चौकट मारून घेतली गल्लीतल्या फॅब्रिकेटरकडून, वर साईटवर ग्राइंडरने काचेसाठी भोक पाडलं, की ते सर्टिफिकेट फाईलला लावायच्या कामाचं राहतं फक्त.

आणि १२० मिनिटं कशाची? ज्वाळा पलीकडे न जाण्याची, का पलीकडची बाजू न तापण्याची? बाजारातली बरीच स्टीलची दारं पहिलं दोन तास करतात, दुसऱ्याची मिनिटं फार कमी असतात, म्हणजे दार उभं आहे पण तव्यासारखं तापलंय. ऑफिसात खपून जाईल, माणसं जिना उतरून पळतात. हॉस्पिटलात व्हेंटिलेटरवरचा पेशंट आपण जिन्याने नेत नाही, त्याच मजल्यावर दाराच्या पलीकडच्या भागात ढकलतो आणि तो तिथंच थांबतो, दारापासून हातभर अंतरावर. कोटेशनमध्ये इन्सुलेशनची, म्हणजे पलीकडची बाजू न तापण्याची, मिनिटं वेगळी लिहून मागा, मग बघा सेल्समनचा चेहरा.

माझं मुख्य म्हणणं एवढंच की कुठलं दार आग अडवायला आणि कुठलं जंतू अडवायला हे आधी नकाशावर ठरवा. ओटीच्या (ऑपरेशन थिएटरच्या) प्रत्येक खोलीला सरकतं हर्मेटिक, म्हणजे हवाबंद दार लावता, आत जळणारा पीयू फोम, आणि मग फायरवाल्याने रेटिंग विचारलं की बोंबलता. ओटी कॉम्प्लेक्सच्या बाहेरच्या कॉरिडॉरला फायरची रेघ ओढा, तिथे खरं टेस्ट केलेलं दार घ्या, आतली दारं हवी तेवढी गुळगुळीत ठेवा. एकाच दाराकडून सगळं मागितलं की बिल दुप्पट येतं आणि काम अर्धं होतं.

रात्रपाळी
सर, सगळं बरोबर, पण हायजीन तुम्ही शेवटच्या दोन ओळींत गुंडाळली, नेहमीसारखी. मी इन्फेक्शन कंट्रोल बघते. आग कधीतरी लागते, इन्फेक्शन रोज लागतं, फक्त त्याची बातमी येत नाही.

आमच्याकडे स्टेप-डाऊन वॉर्डला (आयसीयूतून बाहेर आलेले पेशंट ठेवतात तिथे) लॅमिनेटचं दार आहे, दिसायला छान, लाकडाच्या रंगाचं, म्हणे पेशंटला घरच्यासारखं वाटतं. मावशी रोज हायपोने (ब्लीचच्या पाण्याने) पुसतात, फरशीचं पाणी खालच्या कडेला लागतं. वर्षभरात खालची पट्टी सुटली, आतला भुसा फुगला आणि फटीत काळं. मी तिथून स्वॅब घेतला, कल्चरमध्ये काय आलं ते इथे लिहीत नाही, जेवायची वेळ आहे. काचेच्या चौकटीला आतून बोटभर कंगोरा, त्यावर धूळ, आणि क्लोजरच्या दांड्याच्या वर तर कोणी कधी हात फिरवलाय असं वाटतच नाही. त्यामुळे पोस्टवाला विकणारा असेल, पण निदान कोणीतरी पुसण्याचा विचार केला, एवढं तरी द्या त्याला.

भोसरीकर
गल्लीतला फॅब्रिकेटर हजर आहे 🙏

साहेब, आम्ही हौसेने चौकट मारत नाही. टेंडरात पूर्ण सेट लिहिलेला असतो, रेट बघितला की परचेसवाला म्हणतो पल्ला तेवढा सर्टिफिकेटचा घ्या, चौकट लोकल करा, बिजागरी लोकल करा. मग आग लागली की फॅब्रिकेटर चोर. ज्याने एल-वन, म्हणजे सगळ्यात कमी रेटवाला काढला तो कुठे असतो तेव्हा?

एसएसचं सांगतो. ३०४ वर हायपो मारून तसंच वाळू दिलं की वेल्डिंगजवळ आणि हँडलखाली तपकिरी ठिपके येतात, पुढे खड्डे पडतात. मग गिऱ्हाईक फोन करतं की तुम्ही भंगार पत्रा दिला. ३१६, म्हणजे कमी गंजणारं स्टेनलेस घ्या म्हटलं तर किंमत ऐकून फोन ठेवतात. माझ्या मते वॉर्डला चांगल्या पावडर कोटिंगचं गॅल्व्हनाइज्ड दार पुरतं, कोपऱ्याला जॉइंट न ठेवता, काच दोन्ही बाजूंनी पत्र्याला लेव्हल. खाली धुराला ब्रश सील, स्वस्त आणि मस्त.

रात्रपाळी
ब्रश सील?! दादा, त्या ब्रशात केस, कापूस, ड्रेसिंगचे धागे अडकतात, ते कोण विंचरणार, मी? आणि हायपोचं म्हणाल तर दहा मिनिटं ठेवून साध्या पाण्याने पुसायचं असतं हे आम्ही ट्रेनिंगमध्ये घसा फोडून सांगतो. मावशी एक आणि दोन मजले, ती पाण्याचा हात कधी मारणार.

नकाशावाला
ब्रशबद्दल ताईंचं बरोबर. दार मिटलं की खाली उतरणारी रबराची पट्टी मिळते, बिजागरीच्या बाजूला एक खुंटी असते, ती चौकटीला दाबली गेली की पट्टी फरशीला टेकते, दार उघडलं की वर. उंबरा नको, ट्रॉली अडकत नाही, पुसायलाही सोपं. पण धुराचं सील हवंच. फायर डोअरच्या कडेला आगीत फुगून फट बुजवणारी पट्टी असते, ती साधारण १८०-२०० डिग्रीला जागी होते, त्याच्या आधीचा धूर तिच्या शेजारून निवांत जातो. कोलकात्याच्या एएमआरआय हॉस्पिटलला ९ डिसेंबर २०११ ला आग तळघरात होती, माणसं वरच्या मजल्यांवर गेली, नव्वदच्या आसपास, बहुतेक गुदमरून. त्यांच्यापर्यंत ज्वाळा पोचल्याच नव्हत्या.

आणि अजून एक पाप. फरशीवर नवीन विनाइल टाकलं, दार घासायला लागलं, की सुतार खालून रंधा मारतो. गेलं रेटिंग. रंगारी येतो, बिजागरीकडचं रेटिंगचं लेबल रंगवून टाकतो. मग इन्स्पेक्शनला सगळे नखाने रंग खरवडत बसतात.

डॉक्टर तालुका
वाचून करमणूक झाली. माझं पंचवीस खाटांचं हॉस्पिटल, खाली मेडिकल आणि हार्डवेअरचं दुकान, जुनी बिल्डिंग. तुमच्या नकाशावर रेघ ओढायला मला भिंतच नाही. दर जानेवारी-जुलैला फॉर्म बी, म्हणजे आगीची यंत्रणा चालू असल्याचा दाखला द्यायचा, एजन्सीवाला येतो, चहा पितो, सिलिंडरचे काटे बघतो, सही करतो. दार उघडून बंद करून बघितलेला माणूस मला अजून भेटला नाही.

आणि प्रत्यक्षात काय होतं ते पण ऐका. तुमचं ते भारी दार क्लोजरमुळे इतकं जड की मामा दिवसभर ट्रॉली ढकलून वैतागतो, खाली पाचर मारतो. पाचर काढली तर रिकामा ऑक्सिजन सिलिंडर लावतो. रात्री उलटं, जिन्याच्या दाराला कुलूप, कारण नाहीतर एका पेशंटमागे पंधरा नातेवाईक वर येतात. तुमच्या बिल्डिंग कोडमध्ये नातेवाईकांचं कलम आहे का?

भंडाऱ्याकडचा
डॉक्टरसाहेब, जिन्याला कुलूप हे तुम्ही इथे विनोद म्हणून लिहिताय??

९ जानेवारी २०२१, भंडारा, हॉस्पिटलात नवजात बाळांच्या कक्षाला आग, दहा लेकरं गेली. त्याच वर्षी मार्चमध्ये भांडुप, एप्रिलमध्ये नागपूर, विरार, मुंब्रा, नोव्हेंबरात नगर. एका वर्षात, एका राज्यात. प्रत्येक वेळी ऑडिटचे आदेश निघाले. आणि तुम्ही म्हणता रात्री कुलूप लावतो. किल्ली कोणाकडे असते तेवढं तरी सांगा.

डॉक्टर तालुका
वॉचमनकडे. आणि विनोद नाही केलेला. मागच्या गणपतीत अपघाताची केस आली, माणूस आणला तेव्हाच गेलेला होता. चाळीसेक जण वर घुसले, सिस्टरला ढकललं, मॉनिटर फोडला, माझ्या ज्युनियरच्या कानाचा पडदा गेला. डॉक्टर-हॉस्पिटलवरच्या हल्ल्यांसाठी २०१० चा कायदा आहे, तीन वर्षं शिक्षा, नुकसानीच्या दुप्पट वसुली, वाचायला सुंदर. एकालाही शिक्षा झाली नाही, तडजोड करा म्हणून मलाच फोन आले. त्या दिवसापासून कुलूप आहे आणि राहणार. आग लागेल तेव्हा लागेल, जमाव महिन्याला येतो.

एक नातेवाईक
जमाव जमाव काय लावलंय. माझे वडील आयसीयूत होते तेव्हा रात्री दोनला इंजेक्शन आणायला खाली पाठवलं, परत आलो तर दाराला कुलूप, वॉचमन झोपलेला, मी औषधाची पिशवी घेऊन दार बडवतोय आणि आतून कोणी "सकाळी या" म्हणतंय. इंजेक्शन त्यांनीच मागवलेलं! आम्ही पंधरा जण का येतो माहितीय का, कारण आत काय चाललंय ते कोणी सांगत नाही. दिवसातून एकदा पाच मिनिटं डॉक्टर बोलले तर निम्मे लोक घरी जातील.

डॉक्टर तालुका
पाच मिनिटं बोलतो. मग तेच मुंबईच्या मेहुण्याला फोनवर सांगायचं, मग सरपंचांना, मग ज्यांनी गाडी दिली त्यांना. पेशंट कधी बघू?

एक नातेवाईक
बिल सांगताना मात्र सगळ्यांना एकत्र बसवता, तेव्हा मेहुणा चालतो.

भोसरीकर
😂😂

रात्रपाळी
यात हसण्यासारखं काय आहे भाऊ. मार डॉक्टरला एकदा पडतो, आम्हाला शिव्या रोज पडतात, त्याचा व्हिडिओ पण निघतो. तरी मी कुलपाच्या विरोधात आहे. रात्री अठरा पेशंट आणि आम्ही दोघी. धूर आला तर एक पेशंट हलवायला ऑक्सिजन, पंप, कॅथेटर सांभाळत दोन माणसं लागतात, वॉचमनला शोधायला तिसरी कुठून आणू? डॉक्टर रात्री घरी असतात. आत आम्ही असतो.

भंडाऱ्याकडचा
याच्यावर साहेबांचं उत्तर येणार नाही बघा.

डॉक्टर तालुका
येईल ना, का नाही येणार. सिस्टर म्हणतात ते मान्य. पण "कुलूप काढा" हे सांगणं सोपं आहे, त्याच्या जागी काय लावू ते पुण्यात एसीत बसणाऱ्या नकाशावाल्यांनी सांगावं.

नकाशावाला
एसी बंद आहे, मेंटेनन्सवाला आला नाही. सांगतो.

जिन्याच्या दाराला वॉर्डच्या बाजूने पॅनिक बार, म्हणजे आतून ढकललं की उघडलंच पाहिजे, किल्ली नाही, कार्ड नाही. जिन्याच्या बाजूने हवं तर नॉब लावू नका, बाहेरचा आत येणार नाही. आतून कोणी उगाच उघडलं तर वाजणारा बझर लावा, सिस्टरला कळेल. कार्डचं लॉक लावायचंच असेल तर करंट गेला की सुटणारं घ्या आणि फायर अलार्मला जोडा. तुमचा जमाव बाहेर राहतो, सिस्टर आत अडकत नाही.

पाचरीला उपाय मॅग्नेट. दार दिवसभर भिंतीच्या मॅग्नेटला चिकटून उघडं राहतं, अलार्म वाजला की सुटतं, क्लोजर ओढून घेतो. मामाला ढकलायचं नाही, हँडलला कोणाचा हात लागत नाही, म्हणजे ताईंचं पण काम झालं. आगीचं आणि स्वच्छतेचं भांडण नाहीये हो, दोघांनाही ते दार हाताने न उघडता चाललेलं हवंय.

रात्रपाळी
हे आवडलं. फक्त मॅग्नेटची मागची बाजू पण पुसावी लागते एवढं त्या ड्रॉइंगवर लिहा. आणि खोटा अलार्म दोनदा वाजला की कोणीतरी पॅनेलच सायलेंट करून ठेवतं, ते कोण बघणार?

डॉक्टर तालुका
म्हणजे कुलूप काढायला मला अलार्म पॅनेल, मॅग्नेट, बार, बझर. कुलूप दोनशे रुपयांचं होतं. ठीक आहे, पॅनिक बारचं मनावर घेतो, बाकीचं पुढच्या जानेवारीत. भोसरीकर, जिन्याच्या दोन दारांचा रेट पाठवा. पूर्ण सेट, चौकटीसकट, नाहीतर इथे परत प्रवचन ऐकावं लागेल.

भोसरीकर
पाठवतो सर. पण आधी दोन फोटो टाका. दार ज्या भिंतीत बसणार ती विटांची आहे का जिप्समची? आणि फॉल्स सीलिंगची एक टाइल सरकवून बघा, भिंत वर स्लॅबपर्यंत गेलीय का सीलिंगलाच संपलीय. बहुतेक ठिकाणी संपलेलीच असते, खाली दोन तासांचं दार आणि वरून सगळा धूर मोकळा.

डॉक्टर तालुका
आता भिंत पण बदलू??

भंडाऱ्याकडचा
टाइल सरकवा आधी.

डॉक्टर तालुका
सरकवली. भिंत संपलीय. वर केबल आणि मेलेला उंदीर आहे.

रात्रपाळी
तो उंदीर हाताने काढू नका, आणि त्या वॉर्डाची इन्फेक्शन कंट्रोलची फाईल मला बघायला आवडेल.