मॅकबुक एअर २०१३: मिंटच्या आधी दोन गोष्टी

२०१३चं मॅकबुक एअर मॅकओएसच्या 'बिग सर' आवृत्तीच्या पुढे अपडेट होत नाही, म्हणून 'सरळ पुसून लिनक्स मिंट (मोफत ऑपरेटिंग सिस्टीम) टाका' असा सल्ला दिला जातो. तो पटतो, ४ जीबी रॅमवर मिंटची हलकी एक्सएफसीई आवृत्तीच घ्या. पण मॅकओएस पुसण्याआधी एकदा बिग सरपर्यंत अपडेट होऊ द्या. या मशीनचं फर्मवेअर (हार्डवेअर सुरू करणारं मूळ सॉफ्टवेअर) त्या अपडेटमधूनच येतं, आणि ते जुनं राहिलं तर पुढे अडॅप्टर लावून एनव्हीएमई एसएसडी (नव्या प्रकारची वेगवान डिस्क) बसवलीत तरी ती दिसणार नाही. रॅम मात्र बोर्डावरच सोल्डर केलेली, तिचा नाद सोडा.

खरी गोची वायफायची. ब्रॉडकॉम कंपनीची चिप, तिचा ड्रायव्हर मिंटच्या इन्स्टॉलरमध्ये चालू नसतो, आणि लॅनचं पोर्टच नाही. अँड्रॉइड फोन केबलने जोडून यूएसबी टेदरिंग (फोनचं इंटरनेट केबलने देणं) सुरू करा, मग मिंटचा ड्रायव्हर मॅनेजर उघडून ब्रॉडकॉमसमोरचा पर्याय निवडा, रीस्टार्ट. हा ड्रायव्हर प्रत्येक नव्या कर्नलसाठी (लिनक्सचा गाभा) पुन्हा कंपाइल होतो, म्हणजे नव्याने तयार होतो. ते फसलं की अपडेटनंतर वायफाय गायब! म्हणून मागचा एक कर्नल काढू नका, ग्रबच्या (मशीन सुरू होतानाचा मेनू) 'अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स'मधून त्यावर परत जाता येतं. कॅमेऱ्याचा ड्रायव्हरही वेगळा टाकावा लागतो.