नाइट ड्यूटीनंतर अंग मोडून येतं, पण झोप येत नाही. कॉफी कधी थांबवायची?

पहिलीपार: मेडिसिनची रेसिडेंट डॉक्टर, पहिलं वर्ष. परवाच्या नाइटला पाच मग कॉफी झाली. शेवटचा पहाटे पाचला, राउंडआधी डोकं चालावं म्हणून. चाललं नाहीच. पोटॅशियमची ऑर्डर शेजारच्या बेडच्या कागदावर लिहून मोकळी झाले. त्या पेशंटचं पोटॅशियम आधीच ५.४, म्हणजे वाढलेलं. सिस्टरनी कागद समोर धरून एवढंच विचारलं, "डॉक्टर, नक्की यांनाच?" हात गार पडले.

दहाला रूमवर आले. कान उशीला टेकला की स्वतःचाच पल्स ऐकू येतो. मोजला, १०४. दोनला कधीतरी डोळा लागला आणि चारला फोन वाजला म्हणून दचकून उठले. फोन वाजलाच नव्हता.

"कॉफी सोड" सांगू नका, जमणार नाही. कधी आणि किती, तेवढं सांगा.

भूलतज्ज्ञ_होऊ_घातलेला: कॅफिनचं हाफ-लाइफ साधारण पाच तास. म्हणजे पाचच्या मगातलं निम्मं दहाला तुझ्यासोबत उशीवर होतं. ते थकवा घालवत नाही, मेंदूला थकवा कळवणाऱ्या अडेनोसिनचे रिसेप्टर अडवून थकवा कळू देत नाही, बस. निरोगी माणसाला दिवसाला ४०० मिलिग्रॅमपर्यंत चालतं म्हणतात. पाच मगांत तू बहुतेक ते ओलांडलंस. नाइटच्या पहिल्या अर्ध्यात थोडी थोडी पी, दोननंतर बंद. आणि गर्भनिरोधक गोळ्या चालू आहेत का? त्यांनी हाफ-लाइफ जवळपास दुप्पट होतं.

डुलकी: कॉफी पिऊन लगेच वीस मिनिटं आडवी हो. चढायला तिला तेवढा वेळ लागतोच. जास्त झोपलीस तर उठल्यावर डोकं बधिर असतं, तेव्हा पेनाला हात लावू नकोस.

पहिलीपार: सलग वीस मिनिटं! कुठल्या वॉर्डात मिळतात, बदली मागते.

तिसरीत_पोचलेली: सगळे कॉफीवर काय बोलताय? सलग २४ तास जागल्यावर माणसाची कामगिरी रक्तात ०.१० टक्के अल्कोहोल असल्यासारखी होते, हे १९९७ पासून माहीत आहे. २००४ मध्ये आयसीयूतल्या इंटर्नवर अभ्यास झाला. लांब ड्यूट्यांच्या वेळापत्रकात गंभीर चुका ३६ टक्के जास्त निघाल्या. प्यायलेल्याला कोणी ऑर्डर लिहू देईल? ती चूक एकट्या तुझी नाही. पण रजिस्टरला नोंद कर, लपवू नकोस. आणि पोस्ट-ड्यूटी गाडी चालवू नकोस.

पहिलीपार: गोळीचं बरोबर ओळखलंत, पीसीओडीसाठी चालू आहे. आठ महिने डोक्यातही आलं नाही, आणि फार्मॅक, म्हणजे औषधशास्त्र, म्हणे माझा आवडता विषय!

काल शेवटचा मग दीडला. चार ते पाच नरक होता. उभ्याने नोट्स लिहिल्या, प्रत्येक ऑर्डर बेड नंबरसकट सिस्टरना मोठ्याने वाचून दाखवली. त्या हसल्या, पण ऐकलं. साडेदहा ते तीन झोपले. पल्स ८२.

नोंदही केली. त्यावर सर काय म्हणाले, त्याचा वेगळा धागा काढते.