‘आंतरकोरियाई’ की ‘कोरियाअंतर्गत’?

भाषांतरवाली: दोन्ही कोरियांच्या संबंधांवरचा एक लेख मराठीत करतेय, त्यात दर दोन ओळींनी ‘इंटर-कोरियन’ येतं. मी ‘आंतरकोरियाई’ लिहिलं, तपासणाऱ्यांनी खोडून ‘कोरियाअंतर्गत’ केलं. आंतरजातीय, आंतरराज्यीय म्हणजे दोघांच्या मधलं, तसंच हे ना? अंतर्गत म्हटलं की घरातला मामला होतो. लेख उद्या द्यायचाय.

जुनापाना: तुमचंच बरोबर. १७ सप्टेंबर १९९१ला दोघं एकाच दिवशी युनोत गेले, दोन देश म्हणून. अंतर्गत कसलं डोंबलाचं!

काठावरचा: थांबा जरा. त्याच डिसेंबरात दोघांनी जो करार केला त्यात चक्क म्हटलंय की आमचे संबंध दोन देशांमधले नाहीत, एकीकरणाकडे जाताना तात्पुरते तयार झालेले खास संबंध आहेत. म्हणून आपसातला व्यापारही देशांतर्गत धरायचा, आयातकर नाही. उत्तरेतल्या केसाँगच्या कारखान्यांतला माल २०१६त ते बंद पडेपर्यंत दक्षिणेत असाच यायचा. आणि सोलमध्ये उत्तरेचं प्रकरण परराष्ट्र खात्याकडे नाहीच, त्यासाठी एकीकरण खातं आहे, १९६९पासून. तपासणाऱ्यांनी विचार केलेला दिसतोय.

व्याकरणखोर: मुळात संस्कृतात ‘आंतर’ म्हणजेच आतलं. त्यामुळे तुमचं ‘आंतरराष्ट्रीय’सुद्धा बिघडलेलंच आहे, आपल्याला सवय झालीये इतकंच.

जुनापाना: झालं सुरू. सगळा महाराष्ट्र जे बोलतो ते बिघडलेलं, आणि बरोबर कोण, तर पाणिनी आणि तुम्ही.

रानजाई: मला विचाराल तर सरळ ‘भाऊबंदकी’ लिहा. आमच्याकडे बांधावरून बोलणं बंद झालेले चुलते होते, पण बाहेरचा कुणी मध्ये बोलला की दोघं मिळून त्याच्यावर जायचे. १९९१ला जपानमध्ये टेबल टेनिसला दोघांचा एकच संघ उतरला होता ना, तसंच.

काठावरचा: शब्द झकास आहे पण भाऊबंदकीत वाटणी भाऊच मागतात. इथे मागितली कुणी? ऑगस्ट १९४५मध्ये दोन अमेरिकन अधिकाऱ्यांनी रात्री नकाशा बघून अडतिसाव्या अक्षांशावर रेघ मारली, कोरियन माणसाला कुणी विचारलंच नाही. रशियानेही मान्य केली. भांडण नंतरचं.

रानजाई: मग फाळणी म्हणा. नांगराच्या फाळाने जमीन चिरतात त्यावरूनच आला असणार तो शब्द.

व्याकरणखोर: हे घरगुती संशोधन झालं. फाळा म्हणजे वाट्याला आलेली वर्गणी, तो शब्द जास्त जवळचा आहे. शिवाय मराठी माणसाला फाळणी म्हटलं की १९४७च आठवतं, कोरियासाठी विभाजनच बरं.

जुनापाना: विभाजन कोण बोलतं हो तोंडाने? जर्मनीचीही फाळणीच म्हणत आलोय आम्ही.

काठावरचा: जर्मनीचं निघालंच आहे तर, तिथेही हाच घोळ होता. पश्चिमवाले पूर्वेला परदेश मानायला तयार नव्हते, म्हणून १९७४मध्ये एकमेकांकडे राजदूतावास न उघडता ‘कायम प्रतिनिधित्व’ नावाची कचेरी उघडली. आणि १९९०ला जे झालं त्याला आपण एकीकरण म्हणतो, पण कायद्याने बघितलं तर पूर्व जर्मनी पश्चिमेच्या राज्यघटनेखाली आली, नवी घटना झालीच नाही. मराठीत याला विलीनीकरण म्हणतात, जसं हैदराबादचं.

भाषांतरवाली: लेखात ‘री-युनिफिकेशन’पण आहेच. पुनर्एकीकरण चालेल?

व्याकरणखोर: पुनरेकीकरण. संधी करा.

जुनापाना: वाचणारा अडखळून पडेल. नुसतं एकीकरण पुरे.

काठावरचा: त्या शब्दावर आता उत्तरेनेच काट मारलीये. २०२३च्या शेवटी किम जोंग उनने जाहीर केलं की हे दोन शत्रू देशांमधले संबंध आहेत, पुढच्या जानेवारीत प्याँगयांगमधली एकीकरणाची कमान पाडली आणि ऑक्टोबरात दक्षिणेकडे जाणारे रस्ते उडवले. म्हणजे आता उत्तरेपुरतं आंतर आणि दक्षिणेपुरतं अंतर्गत, असं काहीतरी.

भाषांतरवाली: एकाच लेखात दोन शब्द कसे लिहू?

रानजाई: पण ते एकमेकांना म्हणतात काय?

काठावरचा: दक्षिणवाले म्हणतात ‘बुकहान’, म्हणजे आमच्याच हानचा (कोरियाला ते हान म्हणतात) उत्तर भाग. उत्तरवाले म्हणायचे ‘नामजोसन’, आमच्याच जोसनचा (हे उत्तरेचं कोरियासाठीचं नाव) दक्षिण भाग. हल्ली मात्र उत्तरेकडून ‘हानगुक’ येतं, म्हणजे दक्षिणेने स्वतःला ठेवलेलं नाव.

जुनापाना: मग मराठीत ‘दक्षिण कोरिया’ म्हणणंही दोघांनाही नको असलेलं नाव झालं की.

व्याकरणखोर: नाव राहू दे, आधी ते ‘कोरियाई’ का ‘कोरियन’ ते ठरवा. ‘कोरियाई’ हे रूप हिंदीचं आहे.