मदत हवी आहे: इमिग्रेशनची गाडी गल्लीत आली तर शेजाऱ्यांनी काय करावं?

ग्लासगोतल्या मराठी मंडळींना, विशेषतः वकिलांना विचारतेय. १३ मे २०२१ ला, ऐन ईदच्या दिवशी, इथल्या केनम्युर स्ट्रीटवर होम ऑफिसने (इमिग्रेशन बघणारं ब्रिटनचं गृहखातं) दोन भारतीयांना व्हॅनमध्ये बसवलं होतं. एक जण सरळ व्हॅनखाली शिरून आडवा झाला, आठेक तास हलला नाही. भोवती शेकडो लोकांनी ठिय्या दिला, ‘आमच्या शेजाऱ्यांना सोडा’ म्हणत. संध्याकाळी पोलिसांनी दोघांना सोडलं. मला या लोकांचा फार आदर वाटतो.

पण आमच्या इमारतीत बरेच जण व्हिसावर आहेत. आम्ही नुसतं बाजूला उभं राहून मोबाइलवर शूटिंग केलं तर चालतं ना? रस्ता अडवल्याबद्दल अटक झाली, तर व्हिसा वाढवताना अडचण येते का? आणि दार वाजलं तर आधी वॉरंट दाखवा म्हणता येतं का? स्कॉटलंडचा कायदा नक्की माहीत असेल त्यांनी प्लीज सांगा.